अळीव आणि अलसी

शालनकाकू गेल्याचं नितीनने मला फोनवर सांगितलं, आणि मला ते कळलंच नाही. नितीन हा त्यांचा मुलगा. जयपूरच्या छावणीत वाढलेला, त्यामुळे त्याची मराठी हिंदीच्या आधाराने चालते. "ताई, आई राहिली नाही," तो म्हणाला. भाचीच्या लग्नासाठी काकू त्याच्याबरोबर कोरेगावजवळ माहेरी गेल्या होत्या. मला वाटलं, लग्नघरी करमलं नसेल, निघाल्या असतील परत. मी विचारलं, "मग कधी पोचतायत?" तेव्हा तो हिंदीत बोलला, आणि हिंदीत मात्र मला सगळं नीट समजलं. त्याला आता दीड महिना होईल. माझ्याकडेही काकूंना सांगायची एक बातमी होती. चार दिवस जपून ठेवली होती. फोनवर सांगायची नव्हती; जिना चढून येऊन, माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ती स्वतःच ओळखायची होती. मला पुन्हा दिवस गेलेत.

काकू आमच्या घरमालकीण. जयपूरच्या तिलक नगरात खाली त्या, वर आम्ही. काका सुभेदार मेजर होऊन निवृत्त झाले, साताऱ्याला परत जायचं जायचं म्हणत इथेच राहिले आणि इथेच गेले. काकूंचं निम्मं आयुष्य फौजी क्वार्टरांत गेलं होतं. शेजारी कधी गढवाली, कधी तमिळ, कधी जाट. नवरे सीमेवर आणि बायका पोटुशा. कुणाला काही झालं की हाक काकूंना. "मळमळ सगळ्यांची एकच गं, औषधाची नावं तेवढी निराळी," असं म्हणायच्या. मी नागपूरची, आयटीतली, पाणी कधी प्यायचं तेही मोबाइलला विचारणारी. पहिल्या खेपेला माझं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी गोळ्यांना फार भ्यायचे; पाल्याला, मुळीला, बियांना अजिबात नाही. जे झाडाला लागतं ते काय अपाय करणार, हे माझं शहाणपण. काकू हसायच्या. "धोतराबी झाडालाच लागतो," म्हणायच्या.

स्वतः त्या द्यायच्या ते अगदी मोजकं. सकाळी उठल्या उठल्या साखरेत घोळवलेला नखाएवढा आल्याचा तुकडा, जेवणावर चिमूटभर बडीशेप. याहून जास्त काही मागितलं की, "डॉक्टरीणबाईला इचार." मला नवल वाटायचं. अर्धी पलटण जिच्या काढ्यांवर बाळंत झाली ती बाई माझ्या वेळेलाच एवढी का बिचकते? थोडा रागही यायचा, म्हणजे मला वाटायचं, मी परकी म्हणून हात आखडता घेतात.

पाचव्या महिन्यात माझं पोट साफ होईना. ऑफिसातली मैत्रीण, इथलीच, म्हणाली, "अलसी खाओ यार, मैं तो पूरे नौ महीने खाती रही." अलसी म्हणजे अळीव, असं मी मनातल्या मनात भाषांतर करून मोकळी झाले. सासूबाईंनी बाळंतपणानंतरच्या लाडवांसाठी पाठवलेले अळीव डब्यात होतेच. रोज चमचाभर दुधात भिजवून खायला लागले. काकूंना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, अळीव तर आपल्या घरचेच.

आठव्या दिवशी काकू मेथीची जुडी घेऊन वर आल्या आणि ओट्यावरची वाटी बघून थबकल्या. तांबूस, बुळबुळीत झालेले अळीव. कुणी सांगितलं, किती दिवस खातेयस, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "अगं पोरी, अलसी म्हंजे जवस. हे अळीव. हे बाळंतिणीनं खायाचं, पोटुशीनं न्हाई." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तिथेच फरशीवर बसल्या, आणि मग म्हणाल्या, "चप्पल घाल. दवाखान्यात जाऊ."

मी जाईना. खरं सांगते, बाळाच्या काळजीइतकीच मला डॉक्टरांची लाज वाटत होती. दर खेपेला त्या विचारायच्या, "और कुछ तो नहीं ले रहीं?" आणि मी बेधडक "नहीं जी" म्हणायचे. आल्याचा तुकडा, बडीशेप, अळीव, हे काय 'घेणं' झालं? ते तर खाणं. आता कुठल्या तोंडाने सांगू? काकूंनी माझा हात धरून मला रिक्षात बसवलं आणि राजा पार्कच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा समोर बघत म्हणाल्या, "माझ्या धाकट्या जावंला मी काढा दिला हुता. चौथ्यात गेलं तिचं. कशानं गेलं, देव जाणं. पर डॉक्टरनं इचारलं, काय खाल्लं, तवा मी शेजारी उभी हुते आन् तोंड उघडलं न्हाई." त्या मला परकी समजत नव्हत्या हे मला तेव्हा कळलं, आणि मनातल्या मनात मी त्यांची माफी मागितली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी बाळाचे ठोके ऐकवले. ते नीट होते. मग म्हणाल्या, "बंद कर दीजिए. हो सकता है कुछ न होता. पक्का मैं भी नहीं कह सकती. पर बताइए तो सही." काकू पदराने डोळे पुसत राहिल्या. चार महिन्यांनी इरा झाली, पूर्ण दिवसांची, ठणठणीत. काकूंनी ओलं खोबरं आणि गूळ घालून अळिवाचे परातभर लाडू केले, पहिला माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता हाण किती हाणायचं ते."

गेल्या आठवड्यात नितीनने मला स्वयंपाकघर आवरायला खाली बोलावलं. मांडणीवर जॅमच्या जुन्या बाटल्या ओळीने, आणि एकीवरही चिठ्ठी नाही. काकूंना लिहायची गरजच नव्हती, चिमटीत धरून हुंगलं की त्यांना कळायचं. ओवा, बडीशेप मी ओळखली. सुंठीसारखा वास येणारी एक पूड होती, पण त्यात आणखीही काहीतरी होतं. मला सकाळपासून मळमळत होतं. ती बाटली मी नाकाशी धरून फार वेळ उभी राहिले... "ताई, हे कामाचं आहे का?" नितीनने विचारलं. मी म्हटलं, "काकू होत्या तोवर होतं."

मग एकेक बाटली रिकामी केली, धुतली, पालथी घातली. काकूंनीही हेच सांगितलं असतं, ओळखत नाहीस ते पोटात घालू नकोस. पण मला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.