कायमची माफी

सरकारनं एखादा नियम काढावा आणि माझ्या चुलत सासऱ्यांनी त्यातून सूट काढू नये, असं आमच्या गावात कधी घडलं नाही. मालवणच्या एका कचेरीत जन्मभर कारकुनी करून ते घरी बसले होते. लहानपणी देवी येऊन गेल्यामुळे चेहरा वणांनी भरलेला आणि डावा डोळा गेलेला. पण उरलेल्या डोळ्याला कायद्यातली बारीक अक्षरं बरोबर दिसत. "कायदो माणसान केलो, मगे तेका सूट नाय असां जायत कसां?" असं म्हणत ते दौत पुढे ओढत. रस्त्याच्या श्रमदानातून त्यांनी एक डोळा नाही म्हणून सूट मिळवली आणि मग दिवसभर तिथंच उभे राहून दुसऱ्यांनी खणलेले चर कसे वाकडे आहेत ते सांगितलं. श्रावणात, तिसऱ्यांना, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांना, ना शेपटी ना खवले, सबब त्या मासे नव्हेत, असा लेखी अर्ज त्यांनी आपल्या बायकोकडे, आमच्या काकींकडे केला होता. काकींनी तो चुलीत घातला आणि भोपळ्याची भाजी वाढली.

अर्ज लिहून झाला की तो अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचायचा, हा त्यांचा शिरस्ता. वाचायचे तेही देवळातल्या गाऱ्हाण्याच्या सुरात. गाऱ्हाण्यात मानकरी देवापुढे एकेक मागणं मांडतो आणि जमलेले सगळे मागून "व्हय म्हाराजा" म्हणतात. काकांच्या अर्जालाही आम्ही म्हणत असू. जिभेला वळणच पडलेलं.

माझी वेळ आली तेव्हा मला यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नव्हतं. माझा पहिला मुलगा देवीची लस टोचल्यावर महिन्याभरानं तापानं गेला होता. तो ताप कसला, हे मला आजही ठाऊक नाही. तेव्हा मात्र मला त्याच्या दंडावरची खपली तेवढी दिसत होती. यजमान मुंबईला नोकरीत. मांडीवर सात महिन्यांची मुलगी, आणि तिला टोचून घ्या, नाहीतर खटला भरू, अशी नोटीस. मी नोटीस काकांपुढे टाकली आणि म्हटलं, "काकांनू, माज्या चेडवाक कायमची माफी मेळाक व्हयी."

त्यांनी मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिला खरंच सर्दीताप होता. दुसऱ्या सकाळी अंगणात अर्जाचं वाचन झालं. "मुलीस ताप आहे." आम्ही बायका म्हणालो, "व्हय म्हाराजा!" "सबब दोन महिन्यांची मुदत मिळावी." "व्हय म्हाराजा!" "मुदत संपताच आई स्वतः मुलीला मांडीवर घेऊन टोचून घेईल." "व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मग डोक्यात उजेड पडला. "काकांनू, ह्यां काय लिवलास?"

"मी फक्त लिवलंय. व्हय तां तू म्हटलंस."

मी रागानं रडू लागले. कायद्यात कुणालाच कायमची माफी नाही का, असं विचारलं. ते माझ्याजवळ येऊन बसले. मुलीनं हात पुढे केला आणि त्यांच्या गालावरच्या खड्ड्यांतून बोटं फिरवू लागली. ते तसेच बसून राहिले. "आसा गो," ते हळूच म्हणाले. "एकदा देवी येवन गेली की परत टोचूचा लागणा नाय. माका कायमची माफी आसा. व्हयी तुज्या चेडवाक?"

दोन महिन्यांनी मी मुलीला मांडीवर घेऊन बसले. टोचणाऱ्यानं दंड धरला तेव्हा डोळे मी मिटले, आणि मुलीचा दुसरा हात काकांनी धरला. पुढचे पंधरा दिवस ते रोज सकाळी यायचे, खपली पाहायचे आणि माझ्या घाबरटपणाची टिंगल करून चहा पिऊन जायचे. ताप आला तसा गेला. काकाही पुढे काही वर्षांनी गेले.

मुलगी आता मोठी झाली आहे. केस विंचरताना आरशात स्वतःचा चेहरा पाहत उगाच वेळ काढते, आणि मी तिला कधी रागावत नाही. देवळात गाऱ्हाणं असलं की मी आता प्रत्येक शब्द नीट ऐकून मगच होकार देते. पण जन्मात एकदा न ऐकता मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं, त्याबद्दल मी काकांचे उपकार कधी विसरणार नाही.