माळावरची टिटवी, नदीतली टिटवी

नदीतल्या टिटवीच्या डोळ्यांपुढे लाल कातडं असतं, छाती काळी, आणि तोंडाला कुलूप म्हणून नसतं. माळावरचीचं कातडं पिवळं, आवाज बारीक. माणूस दिसला तर ती थोडी पळते आणि बाजूला उभी राहते. आज हे मी झोपेतसुद्धा सांगेन. गरज होती तेव्हा मात्र मला ठाऊक नव्हतं.

ऐंशीच्या दशकात पारोळ्याजवळच्या एका खेड्यात मी मास्तरीण होते. जळगावची, एकटी, वर जिभेची तिखट. शाळा सुटली की मला काळं कुत्रं विचारत नव्हतं. फार एकटं वाटायचं. बोलायचे ते फक्त घरमालक आबा, तेही एकटेच.

आबांची पेरणी टिटवीवर चालायची. अंडी उंचावर असली तर पाऊस भरपूर, नदीच्या पात्रात असली तर ओढ. त्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी त्यांना ओट्यावर बसवलं होतं. म्हणाले, "बाई, तुम्ही फिराले जातस, टिटवीना अंडा कोठे शेतस ते दखी या."

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण कुणीतरी मला आपलं काम सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी माळाच्या टेकाडावर चार अंडी दिसली, आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊन धावत आले. "आबा, पार उंचावर आहेत." त्यांनी पावसाची वाट न पाहता कपाशीची धूळपेरणी करून टाकली.

मृग कोरडा गेला, आर्द्राही. बी मातीतच मेलं. मग आबा काठी टेकत माझ्यासोबत माळावर आले, पक्षी पाहिला, आणि हळूच म्हणाले, "हाई पिवळी शे, बाई. हाई कायम माळवरच अंडा देस."

रागावले असते तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ते रागावले नाहीत. पुन्हा पेरलं, आणि संध्याकाळी पूर्वीसारखे बोललेसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या विचारण्याची वाट पाहिली. ते काही विचारेनात. शेवटी मीच रोज नदीत उतरू लागले. एका दुपारी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत मला शिव्या देत होती, आणि वाळूत चार अंडी होती. कातड्याचा रंग तीनदा पाहिला. घामाघूम होऊन ओट्याशी आले. म्हटलं, "आबा, लालच आहे. पात्रात आहेत अंडी."

आबा गुडघ्यांना तेल चोळत होते. त्यांच्या पावलांना नदीची वाळू चिकटलेली होती.

"हा," ते म्हणाले, "आज सकाळीच दखी उनू मी."