काचीगुड्यावर शेरवानी शोधताना

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा आमचे बाबा मुंबई राज्याच्या वाट्याला गेले. सरकारनं फायली, टेबलं आणि कारकून एकाच हातानं वाटले. बाबांना औरंगाबाद मिळालं. आई आणि मी हैदराबादेत, नारायणगुड्यातच राहिलो, कारण आईनं ठणकावून सांगितलं, "मला नक्को तुमचं औरंगाबाद. आज तोडलं, उद्या जोडतील." दर खेपेला परत निघताना बाबा विचारायचे, "मग, येता का?" आई म्हणायची, "बघू."

सुरुवातीला ते दर महिन्याला यायचे. काचीगुडा स्टेशनात गाडी पुरती थांबायच्या आत मी त्यांची काळी शेरवानी हेरायचे. या नजरेचा मला भारी तोरा होता. पुढं त्यांना रजा मिळेनात आणि बाबा सणासुदीचे पाहुणे झाले. तरी माझा तोरा शाबूत. पण नजरही सरकारी खात्यासारखीच असते. क्वचित येणाऱ्या कामाकडं ती लक्ष देत नाही.

त्या दिवाळीला गाडी आली. आईला जिन्यापाशी सोडून मी फलाटावरच्या शेरवान्या तपासत सुटले. एक दिसली. धावत जाऊन बाही धरली, "बाबा!"

आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी अदबीनं बाही सोडवून घेतली. "मैं वो नै हूं, बेटी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी पांढरा बुशकोट घातलेला, बोडक्या डोक्याचा एक माणूस ट्रंक ठेवून उभा होता. त्याला मी दोनदा ओलांडून गेले होते. त्यानंही माझ्यावरून नजर फिरवली आणि पलीकडं कुणाला तरी शोधू लागला. बाबा फ्रॉकमधली मुलगी शोधत होते. मी त्याच वर्षी लंगा-ओणी, म्हणजे परकरावर अर्धी साडी, घालायला लागले होते. फलाट रिकामा झाला तेव्हा कुठं आम्ही एकमेकांना सापडलो. दोघंही हसलो. रिक्षात मला रडू येत होतं आणि रागही, पण कुणावर ते कळत नव्हतं.

घरी बाबा अंघोळीला गेल्यावर तो राग आईवर काढला. "तुला तरी बाबा दिसायला नको होते का?"

"गाडीतून उतरतानाच दिसले," आई म्हणाली. "म्हटलं बघावं, पोरीला ओळखतात का."

मग ती उठली, फळीवरची पितळेची भांडी खाली घेतली आणि एकेक पोत्यात भरायला लागली. या खेपेला बाबांनी अजून विचारलंही नव्हतं.