निकाली सेट

गैबीचाचा मुजावर एका क्लबच्या मातीच्या टेनिस कोर्टावर मार्कर होते. म्हणजे कोर्ट झाडायचं, पाणी मारायचं, सदस्यांना सराव द्यायचा आणि स्पर्धेत पंचाच्या खुर्चीतही बसायचं. बापजादे तालमीतले. त्यामुळं गुणांवर सोडवलेली कुस्ती आणि टायब्रेकवर उरकलेला सेट, दोन्ही त्यांना सारखंच मिळमिळीत वाटायचं. विम्बल्डनची तीन दिवस चाललेली ती मॅच त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. शेवटचा सेट सत्तर-अडुसष्ट. "ह्याला म्हणत्यात निकाली," ते म्हणाले. पुढं जगानं तो प्रकार बंद केला, तर यांनी तो कमिटीच्या गळी उतरवला. आपल्या फायनलचा शेवटचा सेट निकालीच, टायब्रेक नाही, कुणी एक दोन गेमनं पुढं जाईपर्यंत खेळायचं. असल्या गोष्टीला नको म्हणणारा कोल्हापुरात अजून जन्मायचा आहे.

गेल्या मे महिन्यात फायनलला त्यांचाच पोरगा तोहिद आला. समोर वकिलांचा पृथ्वीराज. खुर्चीत बाप कसा, असं कुणी विचारलं नाही, कारण चाचांचा शब्द म्हणजे शब्द. भर उन्हात शेवटचा सेट वीस-वीसच्या पुढं गेला. तोहिदच्या पायांत गोळे आले, मग उलटी झाली. बाजू बदलताना तो खुर्चीजवळ थांबला.

"अब्बा, बास करू?"

"निकाल लागू दे की."

बापाला पोरगं दिसतच नव्हतं, पैलवान दिसत होता.

मग पृथ्वीराजला मॅच पॉइंट मिळाला आणि तोहिदचा फटका रेषेबाहेर पडला. चाचा खाली उतरले. चेंडूची खूण मातीवर स्वच्छ उमटली होती. त्यांनी शेजारच्या, रेषेवरच्या जुन्या खुणेवर बोट ठेवलं.

"आत हाय."

पृथ्वीराज मुकाट्यानं माघारी गेला. चाचा म्हणतात म्हणजे आतच. जन्मात एकदा खोटं बोलला माणूस, तेही कुठं बोलला बघा.

त्यानंतर पोरं तासभर झुंजली. तोहिद जिंकला, हलगी कडाडली, गुलाल उडाला. संध्याकाळी त्याला काळपट लघवी झाली. डॉक्टर म्हणाले, उन्हात शरीर रेटलं, स्नायू विरघळले, मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून तोहिद डायलिसिसवर आहे.

एवढे महिने चाचांनी ते पोटात ठेवलं. परवा मशीन सुरू असताना मात्र त्यांच्यानं राहवेना.

"तोहिद, तुझा त्यो चेंडू भाईर हुता. म्या आत दिला."

तोहिदनं डोळे उघडले. आवाजात राग नव्हता.

"ठावं हाय, अब्बा. तुम्ही बास करू दिलं न्हाई, म्हणून मुद्दाम भाईर मारलता."