बॉनेटवरची खडूची पूड

बाबांनी पहिला संशय घेतला तो आमच्या सोसायटीच्या वॉचमनवर.

बाबा सुरतेतल्या मराठी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. आई गेल्यावर ते सुरतेतच अडाजणला आमच्याकडे राहायला आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांची गाडीही आली. लाल, दोनच सीटची, वरून उघडी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मूळची ती त्यांच्या एका पारशी मित्राची. दोघांनी मिळून कितीतरी रविवार तिच्याखाली झोपून काढले होते. मित्र परदेशातल्या आपल्या मुलीकडे कायमचा निघाला, तेव्हा किल्ली बाबांच्या हातात ठेवून गेला.

तर, गाडीचा पेट्रोलचा काटा बाबांना सारखा खाली दिसू लागला. जुन्या गाडीचे काटे थापा मारतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण आता पेट्रोल कोणीतरी काढतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. वॉचमन खानदेशातला, वयाने बाबांच्याच जवळपासचा. "गुरुजी, मी हात बी नही लावा हो," तो कळवळून म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाबांनी कुठून तरी कुलपाचं झाकण आणलं, कानशीने घासून टाकीवर घट्ट बसवलं आणि त्याची किल्ली जानव्याला बांधली.

त्यानंतर गाडी बंद पडायला लागली.

घरी एका झटक्यात चालू व्हायची. पार्किंगमध्ये हवा तितका वेळ गुरगुरत उभी राहायची. पण हजीरा रोडला लागलो, वेग घेतला, की थोड्या वेळाने ठसके, मग गचके, मग शांतता. मी शेजारच्या सीटवर, खांद्याच्या उंचीला ट्रकांची चाकं. बाबा कडेला घेऊन बॉनेट उघडायचे, उगाच हे दाब ते दाब करायचे, आणि जरा वेळाने गाडी काहीच न झाल्यासारखी चालू व्हायची.

त्यांची पद्धत शिक्षकाची होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. त्यांनी प्लग बदलले. मग ठिणगी पाडणारे पॉइंट साफ केले. कंडेन्सर गरम झाला की दगा देतो म्हणून नवा घातला. प्रत्येक वेळी आम्ही हजीरा रोडला गेलो आणि प्रत्येक वेळी अडकलो.

"गाडीत दोष असता तर घरी दिसला असता," एकदा परतताना ते म्हणाले. "कोणीतरी करतंय हे."

"कोण करेल, बाबा?"

"ज्याला मी गाडी चालवलेली नको आहे तो."

आठवड्यापूर्वीच जेवताना माझा नवरा म्हणाला होता, "बाबा, आता तुम्ही स्टिअरिंग सोडा. नजर पूर्वीसारखी राहिली नाही." तो हजीऱ्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. कुठली तार कुठे जाते, हे त्याला सांगावं लागत नाही.

बाबांचा संशय मला बाधला. नवरा कचरा टाकायला खाली गेला, तरी मी बाल्कनीतून बघायचे. किती वेळ लागला, हातांना काय लागलंय, शर्टाला ग्रीसचा वास येतोय का. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाच्या बाह्या मी हुंगत होते. आणि एका दुपारी, बाबा झोपलेले असताना, मी त्याला खरंच पाहिलं. लाल बॉनेट वर, तो आत वाकलेला.

वर आल्यावर मी विचारलं, "काय करत होतास?"

"बघत होतो."

"काय?"

"इंजिन." तो पाणी प्यायला आणि त्याने पेपर उघडला.

मी बाबांना सांगितलं नाही. पण त्याची गरज नव्हतीच. त्यांनी आदल्या दिवशीच बॉनेटच्या कडेवर खडूची पूड भुरभुरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसल्यावर त्यांनी पोह्यांची ताटली बाजूला सारली.

"जावईबापू, माझ्या गाडीच्या बॉनेटवर तुमची चार बोटं उमटली आहेत."

नवऱ्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

"हो. उघडलं होतं," तो म्हणाला. "पण मला गाडी बंदच पाडायची असती, तर मी ती घरी पाडली असती, बाबा. रस्त्यात कशाला? ट्रकांच्या मध्ये तुम्ही दोघं बंद गाडीत बसता. त्यातली एक माझी बायको असते."

बाबांनी पोह्यांची ताटली परत पुढे ओढली. मग म्हणाले, "आज मागून या."

म्हणून त्या रविवारी बाबा आणि मी लाल गाडीत, आणि मागे आमच्या रोजच्या गाडीत नवरा. आरशात तो मला सारखा दिसत होता. तो मागे आहे म्हणजे आज त्याने काही केलं नसेल आणि गाडी बंद पडणार नाही, असंही मला वाटून गेलं. पण पडली. नेहमीसारखेच ठसके, गचके, शांतता.

या वेळी बाबांनी उगाच दाबादाबी केली नाही. प्लग काढून ठिणगी बघितली, ती कडक होती. कार्ब्युरेटरचं भांडं उघडलं. कोरडं.

"पेट्रोल पोचत नाहीये," नवरा म्हणाला. "पंप ऐकू येतोय का?"

त्या गाडीचा पेट्रोलपंप विजेवर चालतो, टक्-टक् वाजतो. बाबांनी भांडं परत बंद केलं, किल्ली फिरवली. आम्ही तिघं कान देऊन उभे राहिलो. एक अर्धवट टक् झालं आणि पुढे काही नाही.

"टाकी रिकामी केली असेल कोणी," बाबा पुटपुटले. जानव्याची किल्ली काढून त्यांनी झाकण उघडलं.

फुस्स! टाकीने जोराने श्वास आत ओढला. दुसऱ्याच क्षणी पंप भराभर टकटकू लागला, आणि भांडं भरल्यावर गप्प झाला.

टाकीत पेट्रोल भरपूर होतं. आत हवा जायला मात्र वाट नव्हती. जुन्या झाकणाला बारीक भोक होतं, कुलपाच्या झाकणाला नव्हतं. जसजसं पेट्रोल संपायचं तसतशी आत पोकळी वाढायची, शेवटी पंपाला ते ओढता येत नसे. जरा थांबलं की कुठून तरी हवा झिरपायची आणि गाडी चालायची.

हे सगळं बाबांना आमच्याआधी कळलं. ते झाकण हातात धरून कडेच्या कठड्यावर बसले. मला वाटलं, जावयाला काहीतरी बोलतील. ते बोलले ते दुसरंच.

"वॉचमनला काय सांगू?"

त्यांनी सांगितलं मात्र. घरी पोचल्यावर आधी त्याच्या केबिनमध्ये गेले. आत काय बोलणं झालं माहीत नाही, पण तो उभा राहून त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवताना मी पाहिलं.

माझ्या मनातली अढी अजून सुटली नव्हती. बाबा वर गेले, तेव्हा मी नवऱ्याला पार्किंगमध्येच अडवलं.

"त्या दुपारी खरंच नुसतं बघत होतास?"

"कॉइलची तार काढली होती. हातात धरून उभा होतो. मग बाबा किल्ली फिरवतील आणि गाडी चालू होणार नाही, तेव्हाचं त्यांचं तोंड डोळ्यांपुढे आलं. परत लावली."

"हे त्यांना सांगणार आहेस?"

"तू सांगणार आहेस?"

नाही सांगितलं. पण बाबांनी काय ओळखलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून डोळे तपासून घेतले. डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगितलं नाही. आणि रविवारी सकाळी मी तयार होऊन खाली गेले, तर माझ्या सीटवर नवरा बसला होता.

ते परतले तेव्हा बाबांच्या हातात नाश्त्यासाठी गरम सुरती लोचोची पुडकी होती. नवऱ्याचा शर्ट पाठीला घामाने चिकटला होता, आणि बाबांचा अगदी कोरडा. गाडीची किल्ली नवऱ्याच्या बोटात लटकत होती.

"गाडी कोणी चालवली?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रस्ता आज मोकळा होता," बाबा म्हणाले, आणि प्लेटा काढायला स्वयंपाकघरात गेले.