किसनभाऊंचा उजवा हात

किसनभाऊंचं नाव निघालं की मी विषय बदलत आलो. आता वय झालं, लिहून टाकतो.

राजूरच्या खाणीतला कोळसा वाहणारे ते ट्रकचालक, आमचे शेजारी. ट्रक गल्लीत शिरला की आधी दिसायचा तो खिडकीच्या पत्र्यावर टेकलेला त्यांचा कोपर. तिथली कातडी घट्टे पडून राठ झाली होती. बायको ओरडली तर म्हणत, "कोपर भाईर असला म्हंजे ट्रकले समजते, मालक जागा हाय."

माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला बुंदी वाढायला तेच होते. त्याआधी मांडवामागे विडी ओढताना त्यांची करंगळी भाजली, आणि त्यांना पत्ताच नाही. मी पाहिलं. करंगळी आणि शेजारचं बोट आकसलेलं होतं. आमच्या भागात अशी बोटं दिसली की माणसं महारोगच समजतात. मुलीच्या सासरची माणसं पानावर बसलेली! मी भर पंगतीत त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं.

"काहून, गुरुजी?"

मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

तेव्हापासून तो हात खिशात गेला. बायको दवाखान्याचं म्हणाली की ते म्हणत, "अन् डॉक्टरनं तेच सांगितलं तं? आपल्या पोरीले कोण करून घेईन?"

स्टेअरिंग सुटू लागलं तेव्हा कुठे बायकोनं त्यांना यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी अंगभर चट्टे शोधले, एकही नव्हता. मग कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली, तसा करंट थेट करंगळीत गेला. यंत्रावरही तेच दिसलं : वर्षानुवर्षं पत्र्यावर टेकून कोपरातली नस दबली होती. महारोग नव्हताच. पण उशीर झाला होता. अंगठ्याजवळचं मांस झडलं होतं. ऑपरेशननं मुंग्या थांबल्या, पकड परत आली नाही. ट्रक सुटला.

परतल्यावर ते माझ्या दारात आले, हात पुढे केला. "नस दबली होती फक्त, गुरुजी. धरा तं."

सगळं कळूनही माझा हात उठेना. मी लांबूनच नमस्कार केला.

"राहू द्या," ते हसले. "मीबी लय भेलो होतो."

पुढे त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि ते तिच्याकडे महागावला राहायला गेले. एकदा मी तिथे गेलो, बसमध्ये एक वाक्य घोकत. त्यांनी डाव्या हातानं चहा दिला, नातवाच्या खोड्या सांगितल्या. मी चहा प्यायलो आणि "येतो" म्हणून उठलो. यंदा पोळ्याआधी ते गेले.

किसनभाऊ, माझ्यामुळे तुम्ही दवाखान्याला भ्यालात. मला माफ करा.