शंकाकाकांची तपासणी

शंकाकाका कुणाकडे चहाला गेले की आपला कप यजमानाकडे सरकवत आणि यजमानाचा स्वतःकडे ओढत. आमच्याकडे तर ही अदलाबदल इतकी ठरलेली होती, की बायको मुद्दाम माझा चहा त्यांच्या आवडीचा, बिनसाखरेचा करी.

नंदनवन वस्तीत ते आमच्या समोरच राहत. कामठीच्या छावणीत वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी लिनक्स या फुकटच्या संगणक-प्रणालीचा नाद लावून घेतला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काकूंची टिकली चिकटवलेली असे, आणि घरच्या वायफायचा पासवर्ड काकूंनाही ठाऊक नव्हता. "स्क्रीनवर लिहिलं म्हणून खरं असते का गा?" हे त्यांचं नेहमीचं.

मी घरी बसून लोकांचे हिशेब करतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स त्यांनीच टाकून दिलं होतं. दिवसभर ठीक चालायचं. संध्याकाळी मात्र वायफाय जोडलेलं दिसे आणि पान काही उघडत नसे. मी लक्ष ठेवलं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सचिन कामावरून आला की नेट जाई. त्याची सुट्टी असली की जात नसे. ताळा चोख जुळत होता. हा आपलं नेट ओढतो, म्हणून मी त्याला खोली खाली करायला सांगणार होतो.

बायको भडकली. "सातवा महिना चालू हाय त्याच्या बायकोले. कुठी जाईन ते?"

साक्षीला मी काकांना बोलावलं. वाटलं, संशयाच्या कामात हा माणूस माझ्याच बाजूचा. पण ते म्हणाले, "माणसावर मागून येऊ. आधी मशीन." राउटरवर कोण कोण जोडलं आहे, ते त्यांनी पाहिलं. आमचीच उपकरणं होती.

"तो अजून आला कुठे, काका?"

"मंग थांबू."

सचिनची गाडी वाजली. मी लॅपटॉप उचलून गॅलरीत आलो. नेट गेलं. "पाहा!"

काकांनी राउटरची यादी पुन्हा पाहिली. नवं कोणी नव्हतं. मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू बाहेर काहून आला गा?"

"तो काय करतो, पाहायला नको?"

"रोज येते बाहेर?"

"रोज."

"अन् चार्जर?"

चार्जर आत राहिला होता. काकांनी तो आणून गॅलरीत लावला, नेट चालू. काढला, बंद. चार्जर निघाला की बॅटरी वाचवायला लिनक्स वायफायचं कार्ड झोपवत होतं, आणि जुनं कार्ड नीट जागं होत नव्हतं. सेटिंगच्या फाइलीत बॅटरी-बचतीपुढे तीन होते, म्हणजे चालू; काकांनी तिथे दोन केले, म्हणजे बंद. नेट टिकलं.

"तू चोर पाहाले उठते, अन् नेट जाते," ते म्हणाले. "त्या पोराले यातलं काही सांगू नको."

सचिन राहिला. त्याला मुलगी झाली.

पुढे गुडघ्यांनी काकांना जिना नकोसा केला आणि काका-काकू आपल्या मुलीकडे खाप्याला निघाले. सामान चढल्यावर काकांनी घराची चावी सचिनच्या हातात दिली. मला लागलं. गाडीजवळ जाऊन मी विचारलंच, "काका, इतक्या वर्षांचा शेजारी मी, आणि चावी त्याला?"

"त्याची तपासणी झाली माही करून."

"आणि माझी?"

काकांनी काच वर घेतली. थोडी फट ठेवून म्हणाले, "तुही चालू हाय."

त्या पावसाळ्यात खाप्याहून काका वारल्याचा फोन आला. सचिनने कुलूप उघडलं, मी घर झाडून घेतलं.